ट्वेल्व्ह अँग्री मेन

ट्वेल्व्ह अँग्री मेन : ज्यूरीच्या बंद खोलीतील चर्चेवर उभा असलेला अमेरिकन चित्रपट (१९५७). कृष्णधवल, लांबी ९६ मिनिटे. लेखक रेजिनल्ड रोझ, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट, छायालेखक बोरिस कॉफमन. रोझ आणि प्रमुख भूमिका करणारे हेन्री फोंडा हे निर्माते. रोझ १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधील सदोष मनुष्यवधाच्या एका खटल्यात ज्यूरीवर होते. त्या अनुभवातून त्यांनी दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहिले आणि ते २० सप्टेंबर १९५४ रोजी थेट प्रक्षेपित झाले. चित्रपट त्यावरूनच झाला. ल्युमेट यांचा हा पहिला चित्रपट. बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळाले. ऑस्करची तीन नामांकने होती, पण तिन्ही पारितोषिके ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ने नेली.

वडिलांना सुरा भोसकून मारल्याचा आरोप असलेला १८ वर्षांचा गरीब वस्तीतला मुलगा, उकाड्याचा दिवस, आणि एकमेकांना न ओळखणारे बारा पुरुष. दोषी ठरला तर मृत्युदंड अटळ. पहिल्या मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणतात, एक जण ‘निर्दोष’. हा आठव्या क्रमांकाचा सदस्य (फोंडा) मुलाने खून केलाच नाही असे कधीच म्हणत नाही. पोराचा जीव जाणार आहे, तर निदान तासभर बोलू, एवढेच त्याचे मागणे. मग बचावाच्या वकिलाने करायची राहून गेलेली उलटतपासणी या खोलीत सुरू होते. लंगडणारा म्हातारा साक्षीदार पंधरा सेकंदांत पलंगावरून दारापर्यंत पोचलो म्हणतो. चालून पाहिल्यावर एक्केचाळीस सेकंद लागतात. एका साक्षीदार बाईच्या नाकावर चष्म्याच्या खुणा होत्या हे कोणाला तरी आठवते. खून कोणी केला याचे उत्तर चित्रपट शेवटपर्यंत देत नाही, आणि त्याचे मोठेपण नेमके इथे आहे. वाजवी शंका म्हणजे काय, हे कायद्याच्या पुस्तकाहून इथे लवकर कळते.

सुरुवातीची आणि शेवटची काही दृश्ये सोडली तर कॅमेरा ही खोली आणि तिला लागून असलेले प्रसाधनगृह यांच्याबाहेर जात नाही, तरी चित्रपट चित्रित नाटक वाटत नाही. ल्युमेट यांनी भिंगांचा क्रम आधीच ठरवला होता. आरंभी रुंद भिंगे आणि डोळ्यांच्या पातळीहून वर ठेवलेला कॅमेरा, मध्ये डोळ्यांच्या पातळीवर, शेवटी लांब भिंगे आणि खालून रोखलेला कॅमेरा. त्यामुळे भिंती जवळ सरकतात, छत डोक्यावर येते, चेहरे अंगावर येतात. माणसे न्यायालयाबाहेर पडतात तेव्हा पुन्हा रुंद भिंग, आणि प्रेक्षकाला श्वास मिळतो. चित्रपटाचा रसास्वाद शिकणाऱ्याने एकदा आवाज बंद करून हा चित्रपट पाहावा. वाद कोणत्या वळणावर आहे हे नुसत्या चौकटीवरून ओळखता येते.

एक दोष मात्र नोंदवायला हवा. आठवा सदस्य पुराव्यातल्यासारखाच दुसरा चाकू बाजारातून विकत आणून टेबलात रोवतो. प्रसंग विलक्षण आहे, पण खटल्याबाहेरचा पुरावा ज्यूरीने स्वतः गोळा करणे नियमाला धरून नाही. खऱ्या न्यायालयात हे उघड झाले असते तर खटला नव्याने चालवावा लागला असता.

या कथेचा कणा आहे एकमताची अट. बाराच्या बारा जणांचे एकमत झाल्याशिवाय निकाल नाही, म्हणून एकट्याच्या शंकेला किंमत. मराठी प्रेक्षकाने हे विसरू नये, कारण आपल्याकडे ज्यूरी होती, पण ही अट नव्हती. मुंबई उच्च न्यायालयात नऊ जणांची ज्यूरी बसे. त्यातले सहा जण एका मताचे आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत, एवढ्यावर निकाल होई. लोकमान्य टिळकांवरच्या १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपीय सदस्यांनी ‘दोषी’ म्हटले, तीन भारतीयांनी ‘निर्दोष’. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. सहापैकी एकाचेही मन वळले असते तरी त्या दिवशी तो निकाल लागू शकला नसता. १९०८ मध्ये टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात पुन्हा तेच घडले. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते, निकाल सात विरुद्ध दोन, आणि न्यायमूर्ती दावर यांची सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा. पुण्याच्या ‘केसरी’तले मराठी लेख हाच तेव्हाचा मुख्य पुरावा. ज्यूरीपुढची भाषांतरे सदोष आहेत आणि मूळ मराठी न जाणणाऱ्यांकडून न्याय मागावा लागतो आहे, हा टिळकांच्या प्रदीर्घ भाषणातला एक मुख्य मुद्दा होता. चित्रपटातले सदस्य चाकू हातात घेऊन पाहू शकले. इथे पुरावा समोर असून वाचताच येत नव्हता. विरोधात उभे राहिलेले ते तीन आणि ते दोन जण आपल्या इतिहासात जवळजवळ अनामिक राहिले आहेत. हा चित्रपट पाहताना प्रथम त्यांची आठवण व्हावी.

नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात (१९५९) चित्र नेमके उलटे. मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीश मेहता यांनी हा कौल विपरीत मानून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. म्हणजे शेवटी कायद्याने त्या एकट्या सदस्याचेच म्हणणे उचलून धरले. हा भारतातला अखेरचा ज्यूरी-खटला असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. नंतरही काही वर्षे देशात ज्यूरीपुढे खटले चालले.

या खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू जोरात लावून धरली होती. चित्रपटांत येण्यापूर्वी बासू चटर्जी याच ‘ब्लिट्झ’मध्ये अनेक वर्षे व्यंगचित्रकार होते. पुढे त्यांनीच रोझ यांच्या कथेवरून हिंदीत ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) काढला. त्यात आठव्या सदस्याच्या भूमिकेत के. के. रैना, ‘दोषी’वर शेवटपर्यंत अडून बसणाऱ्या तिसऱ्याच्या पंकज कपूर, तर वृद्ध सदस्य अन्नू कपूर. तोवर देशातून ज्यूरी गेली होती, त्यामुळे कथेला इथल्या वास्तवाचा आधार उरला नव्हता. तरी चित्रपट टिकला, कारण वस्तीवरून, जातिधर्मावरून माणसाला आधीच दोषी ठरवण्याची सवय आपल्या घराघरांत ओळखीची आहे.

मराठी रंगभूमीवर याच्या शेजारी ठेवावे असे नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने ते १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले, लीला बेणारे होत्या सुलभा देशपांडे. तिथेही बंद खोली आणि न्याय करायला बसलेली सामान्य माणसे आहेत. पण अमेरिकन कथेत आरोपी क्षणभरच दिसतो आणि त्याच्यासाठी एक जण उभा राहतो. तेंडुलकरांकडे आरोपी बेणारे सतत समोर आहे, आणि अभिरूप न्यायालयातला एकही माणूस तिच्या बाजूने हात वर करत नाही. भोळ्या सामंतालाही कादंबरी वाचून साक्ष द्यायला लावतात. दोन्हींत तेंडुलकरांचे नाटक अधिक निर्दय, आणि आपल्या समाजाविषयी अधिक खरे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात (२०१४) ज्यूरी नाही, खटला एकट्या न्यायाधीशापुढे चालतो. कारण १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच ठेवली नव्हती. पारशी विवाह आणि घटस्फोटाच्या दाव्यांत मात्र १९३६ च्या कायद्यानुसार न्यायाधीशासोबत समाजातील पंच बसण्याची तरतूद राहिली.