भिंतीतला न्हावी

हृदयाच्या स्नायूलाही दाह होतो, ही गोष्ट वैद्यकाच्या ध्यानी उशिरा आली, आणि ध्यानी आल्यावर तिचा वापर इतक्या सढळ हाताने झाला की शब्दाची पतच गेली. सन १८३७ मध्ये झोबेर्नहाइम या जर्मन वैद्याने ‘मायोकार्डायटिस’ हे नाव वापरात आणले. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत, झडपा शाबूत असूनही ज्याचे हृदय थकले, ज्याच्या पायांवर सूज आली, ज्याला जिना चढताना दम लागू लागला, अशा बहुतेक रोग्यांच्या नावापुढे ‘जुनाट हृत्स्नायुदाह’ अशी नोंद करून डॉक्टर मोकळे होत. खरे दाहाचे रोगी अर्थातच होते. घटसर्पाचा ज्वर उतरून, घसा मोकळा होऊन, घरच्यांनी देवापुढे साखर ठेवल्यावर मूल अंथरुणातून उठावे आणि चार पावले चालताच कोसळावे, हा प्रकार त्या काळच्या प्रत्येक मोठ्या शहरातील डॉक्टरांना परिचयाचा होता. संधिज्वरात हृदयाच्या स्नायूत उठणाऱ्या सूक्ष्म गाठीही १९०४ मध्ये आशॉफ यांनी दाखवून दिल्या होत्या. परंतु १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हृदयाच्या रोहिणीत गुठळी अडकल्याचे निदान रोग्याच्या हयातीत करता येते असे मांडले, आणि हळूहळू ‘जुनाट दाहा’च्या खात्यावर टाकलेले पुष्कळसे रोगी दुसऱ्या खात्यात वळते झाले. नेमक्या याच सुमारास ब्राझीलच्या अंतर्भागात, एका रेल्वेच्या डब्यात, अस्सल जुनाट हृत्स्नायुदाहाचे कारण सापडून चुकले होते. पण खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाल्यावर खरा रुपयाही वाजवून घेतला जातो, तशी त्याची गत झाली.

ती हकीकत सुरू होते हिवतापापासून. ब्राझीलची मध्य रेल्वे मिनास जेराइस प्रांतातून उत्तरेकडे, साओ फ्रान्सिस्को नदीवरील पिरापोरा गावापर्यंत न्यावयाची होती, आणि १९०७ मध्ये हे काम तापाने आडव्या पडलेल्या मजुरांमुळे अडले. रिओ शहराबाहेर मांगिन्योस येथे ओस्वाल्दो क्रूझ यांच्या अंमलाखाली चालणाऱ्या संस्थेने दोन डॉक्टर तिकडे रवाना केले : बेलिसारियो पेन्ना आणि कार्लोस शागास. शागास तिशीच्या उंबरठ्यावरचे, मिनासमधल्याच एका कॉफीच्या मळ्यावर वाढलेले, हिवतापावर प्रबंध लिहून डॉक्टर झालेले. लासान्स नावाच्या वस्तीत त्यांना रेल्वेने एक डबा दिला, आणि त्याच डब्यात त्यांची प्रयोगशाळा, दवाखाना आणि बिछाना, असा सारा संसार होता. मोठे शोध भव्य इमारतींतच लागतात अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी या डब्याचे छायाचित्र एकदा अवश्य पाहावे.

हिवतापाचे काम चालू असताना रेल्वेच्या एका अभियंत्याने, कांतारिनो मोता यांनी, शागास यांना तिथल्या घरांत राहणारा एक किडा दाखविला. हा किडा ढेकणाचाच दूरचा भाऊबंद, पण आकाराने अंगठ्याच्या पेराएवढा आणि पंख असलेला. तो दिवसा भिंतीच्या भेगांत लपे, दिवा मालवला की बाहेर येई आणि झोपलेल्या माणसाचे रक्त पिई. आणि अंगावर पांघरूण असल्यामुळे त्याला उघडा सापडे तो चेहराच. म्हणून तिथल्या लोकांनी त्याला ‘बार्बेइरो’, म्हणजे न्हावी, असे नाव ठेवले होते. दक्षिणेकडे अर्जेंटिनात याच्याच भावंडाला ‘विंचुका’ म्हणतात. १८३५ मध्ये मेंदोसाजवळच्या एका खेड्यात डार्विनला रात्री त्याचा उपद्रव झाला होता. त्याने लिहून ठेवले आहे की जहाजावरील एका अधिकाऱ्याच्या रक्ताचे एक भोजन करून असला एक किडा पुढे चार महिने लठ्ठ राहिला होता.

हा न्हावी ज्या भिंतीत राही, ती भिंत मराठी वाचकाला निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. उभ्या-आडव्या काठ्या बांधून त्यांवर चिखल थापावयाचा, यालाच आपण कूड म्हणतो. आजोळच्या घराची मागची पडवी कुडाची होती. मार्गशीर्षाच्या उन्हात त्या मातीला बोटभर रुंदीच्या भेगा पडत, आणि आजी दर पंधरवड्याला शेणकाल्याचा हात फिरवून त्या बुजवीत असे. मिनासच्या मजुराच्या झोपडीत हा हात क्वचितच फिरे; भिंत तडकत जाई आणि तिच्या तड्यांत शेकड्यांनी किडे वाढत.

शागास यांनी या किड्याच्या आतड्यात शेपटीसारखा तंतू हलविणारे सूक्ष्म जीव पाहिले, आणि येथून पुढे शोधाची सारी वाट उलटी चालू लागली. एरवी आधी रोगी दिसतो, मग रोगाचे वर्णन होते, मग जंतू सापडतो, आणि तो वाहून नेणाऱ्या कीटकाचा तपास सर्वांत शेवटी लागतो. येथे कीटक आधी हाती आला, मग त्याच्या पोटातला जंतू, आणि त्या जंतूमुळे कोणता रोग होतो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. किडे मांगिन्योसला धाडले. क्रूझ यांनी ते प्रयोगशाळेतील छोट्या माकडांना डसविले. काही आठवड्यांनी एका माकडाच्या रक्तात ते जीव वळवळताना दिसले. गुरूच्या सन्मानार्थ शागास यांनी जंतूला ‘क्रूझी’ हे नाव दिले आणि ते रोगी शोधण्यासाठी लासान्सला परतले. प्रथम एका मांजराच्या रक्तात तो सापडला, आणि १४ एप्रिल १९०९ रोजी, तापाने फणफणलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात.

यानंतर मानसन्मान आले, १९१२ मध्ये हॅम्बुर्गचे शाउडिन पारितोषिक आले, आणि अपयशही आले. त्यातले काही अपयश शागास यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतले होते, हे न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिनासमध्ये गलगंडाचे रोगी घरोघरी होते. शागास यांनी गलगंडही याच जंतूच्या माथी मारला. बुएनोस आइरेसमध्ये काम करणाऱ्या क्राउस यांनी दाखवून दिले की अर्जेंटिनात किडे आहेत, त्यांच्या पोटात जंतू आहे, पण तसे रोगी मात्र दिसत नाहीत. रोग किड्याच्या सोंडेतून अंगात शिरतो, ही शागास यांची समजूतही चुकीची ठरली : फ्रेंच संशोधक एमील ब्रम्प यांनी १९१२ मध्ये दाखविले की जंतू असतो तो किड्याच्या विष्ठेत. रक्त पिताना किडा तेथेच घाण करतो, माणूस झोपेत खाजवतो, आणि आपल्याच नखांनी जंतूला आत घेतो. पुढे १९२२–२३ मध्ये रिओच्या वैद्यक अकादमीत अफ्रानियो पेइशोतो यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी या रोगाच्या व्याप्तीविषयी जाहीर शंका काढली. देशाच्या अंतर्भागात लाखो माणसे आजारी आहेत असे सांगणारा माणूस देशाची अब्रू घालवतो, ही भावनाही त्या वादात मुरलेली होती. चौकशी झाली, शागास यांच्या शोधाचा मान राहिला; पण रोग लासान्सपुरताच, जवळजवळ नसल्यासारखा आहे, असा ग्रह दृढ झाला. १९३४ मध्ये शागास निवर्तले तेव्हा त्यांच्या नावाचा रोग बऱ्याच डॉक्टरांच्या लेखी एक खेड्यातली चमत्कारिक गोष्ट होऊन बसला होता.

वास्तविक हृदयाचा पुरावा आरंभापासून समोर होता. मांगिन्योसमधील तरुण विकृतिशास्त्रज्ञ गास्पार व्हियाना यांनी १९११ मध्येच दाखविले होते की हा जंतू शेपूट टाकून हृदयाच्या स्नायुतंतूच्या आत शिरतो, तेथे गोल होऊन एकाचे अनेक होतो, आणि तंतू फोडून बाहेर पडतो. फुटलेल्या तंतूभोवती दाह उठतो, दाह निवतो, आणि तेथे स्नायूच्या जागी निर्जीव वण राहतो. हेच वर्षानुवर्षे घडत गेले म्हणजे हृदय फुगते, ठोक्याचा संदेश वाहणाऱ्या वाटा तुटतात आणि डाव्या कप्प्याचे टोक जुन्या धोतराच्या विरलेल्या भागासारखे पातळ होऊन बाहेर डोकावू लागते. व्हियाना १९१४ मध्ये, एका शवविच्छेदनात झालेल्या संसर्गाने, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी गेले. शागास यांनी एउरिको व्हिलेला यांच्यासह १९२२ मध्ये रोगाच्या हृदयरूपाचे सविस्तर वर्णन केले. पण गावचा डॉक्टर नाडी धरून काय सांगणार? नाडी चुकते, ठोके मंद पडतात, चाळिशीचा धडधाकट मजूर शेतात वाकतो आणि पुन्हा उठत नाही. या साऱ्याला त्या मुलखात कधी दारू कारण ठरे, कधी गरमी, कधी ईश्वरेच्छा.

खरी रुजुवात झाली ती यंत्राच्या साहाय्याने. अर्जेंटिनाच्या उत्तरेस खुखुय येथे साल्वादोर माझ्झा यांनी, पुन्हा एक रेल्वेचा डबा प्रयोगशाळा म्हणून घेऊन, गावोगाव रोगी हुडकले. १९३५ मध्ये त्यांचे सहकारी सेसिलियो रोमान्या यांनी एकाच डोळ्याच्या पापणीवर येणारी सूज ही नव्या संसर्गाची खूण म्हणून नोंदली, आणि साध्या डॉक्टरालाही दिसेल असे काहीतरी हाती आले. पुढे १९४३ मध्ये मिनासमधील बांबुई येथे एम्मानुएल दियास यांनी केंद्र उघडले, आणि फ्रान्सिस्को लारांजा यांच्यासारख्या हृदयतज्ज्ञाने हृदयाचा विद्युत्-आलेख काढणारे यंत्र खेड्यापर्यंत नेले. ज्यांचे रक्त या जंतूची साक्ष देत होते, अशा कितीतरी जणांच्या कागदी पट्टीवर उजव्या शाखेचा तोच अडथळा, तीच उशिरा पोचणारी लहर पुनःपुन्हा उमटली. चाळीस वर्षे जो मामला वक्तृत्वावर चालला होता, त्याचा निकाल अखेर आलेखपट्टीवर लागला. त्यांचे विस्तृत निवेदन १९५६ मध्ये अमेरिकेतील ‘सर्क्युलेशन’ या मासिकात छापले गेले. जिवंत रोग्याच्या हृदयातून नळीवाटे स्नायूचा तुकडा काढण्याची युक्ती जपानमध्ये साकाकिबारा व कोन्नो यांनी १९६२ मध्ये साधली आणि अलीकडे चुंबकीय चित्रणाने दाहाची सूज चीरफाड न करता दिसू लागली. तरी या विशिष्ट रोगात अजूनही आधी रक्तच तपासावे लागते.

औषधांची कथा अधिक आखूड आणि अधिक निराशेची आहे. निफुर्टिमॉक्स आणि बेन्झनिडाझोल ही दोन औषधे १९६०–७० च्या दशकांत आली. संसर्ग ताजा असताना, विशेषतः मुलांत, ती उत्तम काम करतात. पण हृदय वणांनी भरल्यावर काय? २,८५४ रोग्यांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला : बेन्झनिडाझोलने रक्तातील जंतू घटले, हृदयाची घसरण मात्र थांबली नाही. मग उरते ते पाणी उतरविणारी औषधे, ठोका सांभाळणारे पेसमेकर, गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणे, आणि क्वचित हृदयारोपण. तेही जपून, कारण नवे हृदय टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबली की दबून बसलेला जंतू पुन्हा डोके वर काढतो. दान केलेल्या रक्तातूनही हा रोग पसरत असे, म्हणून एके काळी ब्राझीलच्या रक्तपेढ्यांत बाटलीत जेन्शियन व्हायोलेट मिसळीत. ज्या जांभळ्या औषधाने आपल्या पिढीची तोंडे रंगली, तेच हे.

रोग हटला तो भिंतीपाशी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मिनासमध्ये गॅमेक्सेनच्या फवाऱ्याची परीक्षा झाली आणि किडे मरतात हे सिद्ध झाले; त्याबरोबर भिंती गुळगुळीत ठेवण्याचा प्रश्नही पुढे आला. सिमेंट परवडत नसे, म्हणून माती, वाळू आणि गाईचे ताजे शेण यांचा गिलावा तडकत नाही, हे तेथील संशोधकांनी प्रयोगाने ठरविले. हे वाचले तेव्हा मला आजीच्या हाताची आठवण होऊन हसू आले, हे कबूल करतो. १९९१ मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील, चिली, पॅराग्वे आणि उरुग्वे या सहा देशांनी मिळून फवारणीची मोहीम काढली, आणि केवळ घरांतच राहणारी जी मुख्य जात होती तिच्याकडून होणारा प्रसार ब्राझीलमध्ये थांबल्याचा दाखला २००६ मध्ये मिळाला. जंगलात राहणाऱ्या जाती अर्थातच उरल्या. उसाच्या चरकात किंवा अमेझॉनच्या असाई फळाच्या रसात किडा चिरडला गेला तर आजही माणसे आजारी पडतात. जगात साठ-सत्तर लाख माणसांच्या अंगात हा जंतू आहे असा अंदाज आहे, आणि त्यांतील सुमारे तिसऱ्या हिश्श्याचे हृदय कधी ना कधी बिघडते.

आपल्याकडे हा रोग नाही. या किड्याची एक जात मात्र हिंदुस्थानच्या बंदरांत उंदरांच्या आसऱ्याने राहते, आणि जंतूचा चुलतभाऊ, जनावरांना ‘सर्रा’ आणणारा, २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात सापडला होता. त्या माणसाच्या रक्तात एक संरक्षक प्रथिन जन्मतःच नव्हते, असे पुढे तपासात निघाले. सुरामिनने तो बरा झाला.

आणि लासान्सची ती मुलगी? तिला शोधून काढले तेव्हा पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती. रक्त तपासले; जंतू तेथेच होता. हृदयाचा आलेख काढला. त्यात दोष म्हणावा असे काही मिळाले नाही. रोगाची पहिली रोगी म्हणून जिचे नाव ग्रंथांत गेले, ती बाई तो जंतू अंगात बाळगून सत्तरी ओलांडेपर्यंत जगली.