श्वासविश्लेषण
उच्छ्वासातील बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये पारखून श्वसनमार्गाच्या संसर्गाच्या निदानास साहाय्य करणारी पद्धती. रोगजंतू आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीरपेशी यांच्या चयापचयातून ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात उत्पन्न होतात; १९७१ मध्ये लायनस पॉलिंग यांनी अतिशीत नळीत उच्छ्वास गोठवून व वायुवर्णलेखनाने तपासून त्यात सुमारे २५० द्रव्ये असल्याचे दाखविले आणि या शास्त्राला आधुनिक पाया लाभला. नमुना घेताना तोंड व घसा यांतील आरंभीची हवा सोडून देऊन फुप्फुसांच्या वायुकोशांतून येणारी अखेरची हवाच राखावी लागते. नुकतीच ओढलेली विडी, इतकेच नव्हे तर खोलीतील हवादेखील निष्कर्ष बिघडवू शकते. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोविडसाठी अशा एका यंत्रास आपत्कालीन मंजुरी दिली. पाच द्रव्यांवरून ते तीन मिनिटांच्या आत कौल देई, परंतु होकारार्थी कौलाची रेण्वीय चाचणीने खातरजमा करणे अपेक्षित होते.

मुंबईत परळ-लालबागच्या दाट चाळवस्तीला आणि शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाला या विषयाचे अगत्य सहज कळण्यासारखे आहे. फुप्फुसाच्या क्षयाचा दाखला आजही मुख्यत्वे थुंकीवरूनच मिळतो. पण लहान मुलांना खाकरून बेडका काढता येत नाही, आणि मग उपाशीपोटी, नाकातून नळी घालून त्यांच्या जठरातील द्रव काढण्याची पाळी येते. हा क्लेश टळावा, एवढ्यासाठीही श्वासावरून क्षय ओळखण्याचे संशोधन मोलाचे ठरते. क्षयजंतूंच्या संवर्धनात मेथिल निकोटिनेटसारखी द्रव्ये आढळली आहेत. तथापि धूम्रपान, आहार व इतर व्याधी यांमुळे संकेत संदिग्ध होत असल्याने तूर्त श्वासविश्लेषण थुंकीच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.