लग्नाचा चौक आणि लग्नगडी

आपल्याकडील लग्नपत्रिकांवर अलीकडे वारली चित्रे आढळतात. तारप्याच्या सुरावर फेर धरणारी ती काडीसारखी माणसे पाहून मन प्रसन्न होते. परंतु ज्या समाजाने ही कला जोपासली, त्याच्यासाठी लग्न हेच एके काळी गुलामगिरीचे दार होते, हे आपणांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

वसईच्या उत्तरेस, डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्टीत वारल्यांची जुनी वस्ती आहे. लग्नघरी सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्यात पालघट देवी विराजमान होते आणि धवलेरी लग्नाची गाणी गाते. अक्षरओळख नसलेल्या या स्त्रियांची भिंत हीच पोथी होती.

पण त्याच लग्नासाठी वर जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फेडण्याकरिता त्याच्या दारी राबे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटत नसे. बायकामुलेही वेठीस धरली जात. मंगल चौकाची रेघ वाळते न वाळते तोच नवरदेवाचे स्वातंत्र्य संपलेले असे.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली एकत्र आले आणि वेठ न करण्याचा त्यांनी निश्चय केला. किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकर यांनी त्यांना संघटित केले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले. तरीही वारली मागे हटले नाहीत. गोदूताई विचाराने कम्युनिस्ट होत्या. आपली व त्यांची श्रद्धा एक नव्हे. तथापि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या त्यांच्या ग्रंथाने मराठी वाचकाला आपल्या शेजाऱ्याची प्रथमच खरी ओळख करून दिली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. या ग्रंथाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

याच सुमारास चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे भिंतीवरची ही कला कागदावर उतरली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे जगप्रसिद्ध झाले. बालपणी आई वारल्यावर ते काही काळ अबोल झाले होते आणि मनातले सारे धुळीत रेखाटून सांगत, असे म्हणतात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. मात्र पिढ्यान्पिढ्या चौक काढणाऱ्या सवाशिणींची नावे इतिहासात कोठेच नाहीत.

‘मुक्यांना वाचा दिली’ असे आपण सहज म्हणतो. पण वारली मुके कधीच नव्हते. ते भिंतीवर बोलत होते, गाण्यांतून बोलत होते, झरीच्या माळावर तर एका आवाजात बोलले. उणीव होती ती ऐकणाऱ्यांची. त्यांची चित्रे आपल्या मंगल पत्रिकेवर छापताना त्या लग्नगड्याची आठवण ठेवणे, एवढे ऋण तरी आपण मानावयास हवे.