कच्चे घर, हरित इमारत : एका बांबूच्या भिंतीचा इतिहास

१/ नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरांत मोलगी वसले आहे. याच परिसरातील काठीच्या राजवाडी होळीत उंच बांबू उभारला जातो. पण बांबू येथे केवळ सणापुरता नाही; तो घराच्या भिंतीतही आहे. आजचा धागा त्या भिंतीविषयी.

२/ भिल्ल आणि पावरा समाजांचे पारंपरिक घर असे : लाकडी खांब, बांबूचा विणलेला कूड, त्यावर शेणामातीचे लिंपण, वर कौले. भिंतीसाठी भट्टी पेटवावी लागत नाही, सामान दुरून आणावे लागत नाही. उणिवाही आहेत : कीड लागते, आगीचे भय असते, लिंपण वारंवार करावे लागते.

३/ जनगणनेच्या व्याख्येत गवत, पाने, बांबू, माती यांनी बांधलेले घर 'कच्चे' ठरते. २०१६ पासूनची ग्रामीण आवास योजना अशा घरांच्या जागी पक्की घरे देते. ही गरज खरी आहे. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला परंपरेचे गोडवे ऐकवू नयेत.

४/ आता शहरात येऊ. व्यापारी इमारतींना 'हरित' मानांकन देणाऱ्या 'लीड' या अमेरिकी पद्धतीच्या २००९ च्या आवृत्तीत, दहा वर्षांच्या आत पुन्हा वाढणाऱ्या वनस्पतींच्या सामग्रीला गुण होते. बांबू हे त्याचे ठळक उदाहरण. नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या बेंगळुरू विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे छत बांबूनेच सजले आहे.

५/ वनस्पती एकच. डोंगरात ती 'कच्ची', विमानतळावर 'हरित'. बांबूवर प्रक्रिया होते, हा फरक खराच. परंतु दुसरा फरक कायद्याचा आहे.

६/ १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील लोकांचे हक्क आक्रसले. १९२७ च्या कायद्याने बांबूला, जे वनस्पतिशास्त्रानुसार गवत आहे, 'झाडा'च्या व्याख्येत बसवले. परिणामी तो तोडणे व वाहून नेणे वनखात्याच्या नियमांत अडकले.

७/ एक सावधगिरी : काठी हे मेहवासी संस्थान होते. त्यामुळे ब्रिटिश खानदेशातील जंगलांचा इतिहास या परिसराला जसाच्या तसा लावता येत नाही.

८/ २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर ग्रामसमाजाचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला.

९/ नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला, पण केवळ जंगलाबाहेरच्या जमिनीपुरता. शेताच्या बांधावरचा बांबू मोकळा झाला. जंगलातल्या बांबूसाठी आधार वनहक्क कायद्याचाच.

१०/ म्हणून शाश्वत बांधकामाचा इतिहास केवळ सामग्रीचा नाही, हक्काचाही आहे. पुढल्या वेळी एखाद्या चकचकीत कार्यालयात बांबूचे छत दिसले, तर मानांकनाच्या पाटीबरोबर आणखी एक गोष्ट विचारा : हा बांबू कोणत्या रानातला, आणि त्याचे पैसे कोणाच्या हाती पडले?