पाय निजू देत नाहीत

जव्हारहून वीसएक किलोमीटरवर दाभोसा आहे. पावसाळ्यात तिथे लेंडी नदीचा धबधबा पाहायला गर्दी होते. मी मात्र गेले होते दिवाळीनंतर, शिक्षकांच्या एका शिबिरासाठी. तोवर गर्दी ओसरली होती आणि गावातली निम्मी घरे वीटभट्ट्यांच्या कामाला निघायच्या तयारीत होती. आमच्या स्वयंपाकाला येणाऱ्या बाई रात्री उशिरा अंगणात येरझाऱ्या घालताना दिसल्या. झोप येत नाही का, असे विचारले. "झोप येते बाई, पन पाय निजू देत नाहीत," त्या म्हणाल्या. आडवे झाले की पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळते, चालले की थांबते, पुन्हा अंथरुणावर टेकले की सुरू. तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळी हे सुरू झाले. कोणी वारा लागला म्हणाले, कोणी बाधा. त्या पोटऱ्यांना फडके घट्ट बांधून रात्र काढतात.

या विकाराचे निदान आजही रक्ताच्या चाचणीने किंवा क्ष-किरणाने होत नाही, रुग्णाच्या सांगण्यावरून होते. डॉक्टर चार गोष्टी पाहतात. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का? विसावल्यावर ती वाढते का? हालचालीने कमी होते का? संध्याकाळी-रात्री ती जास्त असते का? पुस्तक न वाचता बाईंनी चारही गोष्टी सांगितल्या होत्या. इंग्रजीत याला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. मराठीत 'अस्वस्थ पाय' म्हणू या.

मेंदूच्या रचनेचा अभ्यास करणारा इंग्लंडमधला वैद्य थॉमस विलिस याने १६७२ साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात असे रुग्ण आढळतात. अंथरुणावर पडताच त्यांचे हातपाय उसळू लागत आणि झोप ही त्यांना शिक्षाच वाटे. त्या काळी जवळपास प्रत्येक दुखण्यावर शीर तोडून रक्त काढीत. शरीरातले बहुतेक लोह रक्तात असते, हे लक्षात घेतले तर या रुग्णांच्या दृष्टीने याहून उलटा उपाय सुचणे कठीण! पुढे १८६१ मध्ये विटमाक या जर्मन डॉक्टरने या विकाराला 'नडग्यांची बेचैनी' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि तो उन्मादात, म्हणजे हिस्टेरियात जमा केला. तक्रार बाईची आणि डोळ्यांना काही दिसत नाही, एवढे पुरेसे होते. दाभोशाची 'बाधा' आणि युरोपातला 'हिस्टेरिया' यांत मला फारसा फरक दिसत नाही.

वळण आले स्वीडनमध्ये. कार्ल-आक्सेल एकबोम या चेतातज्ज्ञाने असे अनेक रुग्ण तपासून १९४५ साली एक प्रबंध प्रसिद्ध केला. विकाराला आजचे नाव त्यानेच दिले. गरोदर स्त्रिया आणि रक्तक्षय झालेल्या व्यक्ती यांत हा त्रास जास्त दिसतो, हेही पुढे आले. मग त्याच देशातल्या नॉर्डलँडरने १९५३ मध्ये रुग्णांना शिरेतून लोह दिले आणि बहुतेकांचा त्रास गेला. विशेष म्हणजे, रक्तक्षय नसलेल्यांनाही गुण आला. रक्तात लोह पुरेसे असले तरी पेशींमध्ये ते कमी असू शकते, असे अनुमान त्याने काढले. मेंदूतले लोह जिवंत माणसात मोजण्याचे साधन नसताना काढलेले हे अनुमान मला फार धाडसी वाटते. त्याचा पुरावा मिळायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. २००० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, कमी आढळले. रक्तातले फेरिटिन मात्र निरोगी माणसांइतकेच होते. २००३ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीतही लोहाची उणीव दिसली.

मधल्या काळात संशोधकांचे लक्ष दुसरीकडे गेले होते. तुर्कस्तानच्या अकपिनार यांनी १९८२ साली अस्वस्थ पायांवर लेव्होडोपा दिले. हे कंपवाताचे औषध, मेंदूत त्याचे डोपामिन होते. गुण रातोरात आला. (जव्हारच्या वाचकांसाठी एक पुरवणी : खाजकुइलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते त्या बियांतून वेगळे केले होते. म्हणून कोणी बिया खाऊ नयेत. त्यातले प्रमाण ठरलेले नसते.) शरीरात लेव्होडोपा तयार करणाऱ्या विकराला काम करायला लोह लागते. म्हणजे लोह आणि डोपामिन या एकाच साखळीच्या दोन कड्या निघाल्या. अर्थात साखळी पाठ्यपुस्तकातल्या आकृतीइतकी सरळ नाही. या रुग्णांत डोपामिन नुसते कमी नसते, त्याची दैनंदिन लय आणि त्याला मिळणारा पेशींचा प्रतिसाद बिघडलेला असतो, असे आता दिसते.

म्हणूनच डोपामिनचे काम करणाऱ्या गोळ्यांनी पुढे दगा दिला. अमेरिकेत रोपिनिरोलला २००५ मध्ये आणि प्रामिपेक्सोलला २००६ मध्ये या विकारासाठी परवानगी मिळाली. सुरुवातीला रुग्ण खूश होते. काही वर्षांनी त्यांतल्या अनेकांचा त्रास दुपारपासूनच सुरू होऊ लागला, पायांतून हातांत चढू लागला आणि मात्रा वाढवावी तसा वाढू लागला. काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागला. लेव्होडोपाचा हा उलटा परिणाम हॉपकिन्सच्याच गटाने १९९६ मध्ये नोंदवला होता, पण धोक्याची ती घंटा पुरेशी ऐकली गेली नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने या गोळ्या नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत, असे सुचवले. त्याऐवजी गाबापेंटिन किंवा प्रिगाबालिन यांची शिफारस केली. त्याआधी फेरिटिन तपासायचे. प्रौढांत ते ७५ किंवा त्याहून कमी असेल, तर लोह देण्याचा विचार करायचा. मुलांत ही रेषा ५० धरतात. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र १५-२० चा आकडाही पुष्कळदा 'नॉर्मल' छापलेला असतो. सत्तर वर्षे फिरून वैद्यक नॉर्डलँडरच्या दाराशी परत आले.

आता आपल्या शाळेत येऊ. दर आठवड्याला मुलांना मिळणारी निळी गोळी शिक्षकांच्या ओळखीची आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. लोह का, हे सर्वांना ठाऊक असते, पण फॉलिक आम्लाची गोष्ट मुंबईत सुरू झाली हे फारसे कोणाला माहीत नसते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रिया एका तीव्र रक्तक्षयाने दगावत होत्या. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात, या स्त्रियांच्या पेशी मात्र मोठाल्या होत्या. तिने त्या काय खातात ते पाहिले, तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना दिला, आणि शेवटी यीस्टच्या स्वस्त अर्काने, मार्माइटने, स्त्रिया बऱ्या होतात असे १९३१ साली प्रसिद्ध केले. अर्कातला तो घटक म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून मिळाले. १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवले गेले. १९७० पासून भारत सरकारच्या कार्यक्रमात दोन्ही द्रव्ये एकाच गोळीत आली.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हा आकडा ४८ होता. गोळी वाटणे आणि गोळी अंगी लागणे यांत अंतर आहे. नागलीत लोह असते, पण तिच्यातले फायटेट ते धरून ठेवते. वर काळा चहा घेतला की आणखी अडते. मळमळ होते, शौच काळी होते, म्हणून गोळ्या डब्यातच राहतात. आणि ही फक्त गोळीची गोष्ट नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुले दगावली ती भुकेने, आणि भुकेवर गोळी नसते.

वर्गात मांडी बदलत, पाय हलवत बसणारे प्रत्येक मूल या विकाराचे नसते. पण "रात्री पायांत काहीतरी होतं" असे एखाद्या मुलाने सांगितले, तर त्याला चळवळ्या न म्हणता आरोग्य केंद्रात पाठवावे. स्वतःहून जादा गोळ्या देऊ नयेत. या भागात सिकलसेलही आहे. तिथे रक्तक्षय दिसला तरी लोह कमी असेलच असे नाही. आणि गोळ्यांचे पाकीट घरातल्या रांगत्या पोराच्या हाताला लागू देऊ नये. मूठभर गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात.

बाईंनी पुढे रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन फारसे कमी नव्हते, फेरिटिन मात्र १२ निघाले. डॉक्टरांनी एक दिवसाआड एक गोळी सांगितली. रोज घेतली तर शरीर लोह शोषण्याचा दरवाजा काही काळ ओढून घेते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. गोळी लिंबाच्या पाण्यासोबत घ्या, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, चहा सोडायचा का? म्हटले, सोडू नका, गोळीच्या आगेमागे दोन तास तेवढा लांब ठेवा.