करार: जुना कोणाचा, नवा कोणाचा?

चिकपेटेत ‘करार’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो माल, भाव, उधारीचे दिवस आणि खाली सही. इथल्या घाऊक कापडबाजारात हा शब्द मराठी, कन्नड, मारवाडी सगळ्यांना कळतो. आणि याच पेटेतून अव्हेन्यू रोडला लागलं की राइस मेमोरियल चर्च दिसतं. तिथल्या कन्नड बायबलचे दोन भाग म्हणजे हळे ओडंबडिके आणि होस ओडंबडिके. मराठीत आपण म्हणतो जुना करार, नवा करार. तमिळमध्ये ‘एर्पाडु’, हिंदीत ‘नियम’, उर्दूत ‘अहदनामा’. शब्द इतके वेगवेगळे का, याचा शोध घेऊ लागलो तर आपण थेट कोकणात जाऊन पोचतो.

मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’. गंमत अशी, की हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात अब्राम कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून समोरासमोर ठेवतो. त्या काळची रीत अशी, की करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालत जायचं. अर्थ उघड आहे: शब्द मोडला तर माझीही अशीच गत होवो. यिर्मयाच्या 34व्या अध्यायात ही रीत स्पष्टच सांगितली आहे. पण उत्पत्तीच्या गोष्टीत अब्राम गाढ झोपलेला आहे. तुकड्यांमधून जातात ती फक्त धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देव एकटाच. सही एकाच बाजूची! चिकपेटेतला कुठलाही व्यापारी असल्या कागदाला हात लावणार नाही.

पुढे ग्रीक भाषांतरकारांनी बरीथसाठी ‘दियाथेके’ हा शब्द घेतला. त्याचा रोजचा अर्थ मृत्युपत्र. लॅटिनमध्ये त्याचं टेस्टामेंटम झालं, आणि इब्री लोकांस पत्राच्या 9व्या अध्यायात तर या दुहेरी अर्थावरच सगळा युक्तिवाद उभा आहे: मृत्युपत्र लागू व्हायला ते करणारा मरावा लागतो. मराठीने मृत्युपत्र घेतलं नाही, करार घेतला. माझ्या मते हे बरं झालं. बरीथच्या जवळचा शब्द हाच.

आता गोव्यात येऊ. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये तिथे आले. त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ 11 हजार ओव्या आहेत त्यात. ग्रंथाच्या मूळ पोर्तुगीज नावाचा आशय असा, की हे येशूच्या जगातल्या आगमनाविषयीचं निरूपण असून ते दोन भागांत आहे. म्हणजे आदाम, नोहा, मोशे, दावीद यांची अख्खी कथा ‘आगमन’ या एका शब्दाखाली आली. वल्हांडणाचं कोकरू ही क्रूसावरच्या मरणाची आगाऊ खूण. रानात खांबावर टांगलेला पितळी साप ही दुसरी. तिचा उल्लेख योहानाच्या 3ऱ्या अध्यायात खुद्द येशूच करतो. या वाचनपद्धतीत घटना ही नुसती घटना राहत नाही, ती पुढच्या घटनेची सावली होते.

स्टीफन्सनी मात्र भागांना जुनं-नवं म्हटलं नाही. पहिलं पुराण, दुसरं पुराण. पुराण ऐकणाऱ्या माणसाला ‘पहिलं’ म्हणजे टाकून दिलेलं असं वाटत नाही. त्यांनी हे जाणूनबुजून केलं की ओघात झालं, कोण सांगणार?

खरी अडचण उत्तरेला, अलिबागच्या आसपास होती. तिथे घाण्यावर तेल काढणारी मराठी बोलणारी एक जमात होती. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. हे बेने इस्राएल. निर्गमाच्या 31व्या अध्यायात शब्बाथ ही कराराची कायमची खूण म्हटली आहे. शेजाऱ्यांनी ठेवलेल्या नावातच ती खूण बसली होती, आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

1829 मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन मुंबईत आले. ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे ज्या परंपरेत 17व्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रकाने सगळं बायबल करारांच्या चौकटीत बसवलं होतं, तिथले. त्या मतानुसार कृपेचा करार एकच. अब्राहामाला मिळाला तोच, पुढे ख्रिस्तात पुरा झालेला. विल्सननी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. मुलं शिकली, मूळ तोरा वाचू लागली. ख्रिस्ती फारच थोडे झाले. उलट ते आपल्या धर्मात अधिक पक्के झाले!

कारण यिर्मयाच्या 31व्या अध्यायात ‘नवा करार’ हे शब्द आहेत खरे, पण तो कोणाशी? इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याशी. ख्रिस्ती वाचक म्हणतो, ही मंडळीची नांदी. बेने इस्राएल म्हणतो, इथे नाव आमचंच लिहिलंय. दोघांची भाषा मराठी, ओळ एकच. फक्त ज्याच्या हातातला करार ‘जुना’ ठरतो, त्याला त्या विशेषणाची किंमत मोजावी लागते. युरोपात ती किती भयंकर मोजली गेली हे आपण जाणतो. कोकणात, सुदैवाने, वाद पुस्तकांत आणि शाळांत राहिला.

पुस्तकांच्या क्रमातही हा वाद आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ख्रिस्ती जुना करार मलाखीवर संपतो: एलीया संदेष्ट्याला पाठवीन, असं वचन. पान उलटलं की मत्तय, आणि एलीयाच्या जागी बाप्तिस्मा करणारा योहान. हिब्रू बायबल संपतं ते इतिहासाच्या ग्रंथावर, जिथे कोरेश राजा यहुद्यांना यरुशलेमला परत जायची मुभा देतो. मजकूर तोच, शेवट वेगळा, म्हणून वाट पाहणंही वेगळं.

बेने इस्राएल घरांत नवस फेडताना आजही मलिदा होतो. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नबीचं नाव. अलिबागजवळच्या खंडाळे इथे कातळावर खुणा दाखवतात. एलीयाच्या रथाच्या घोड्यांच्या टापा, असं तिथली श्रद्धा सांगते.