घर घेताना एजंट कसा निवडाल? टोकन देण्याआधी विचारा हे प्रश्न

"सर, आणखी दोन पार्ट्या फ्लॅट बघून गेल्यात. आजच टोकन दिलंत तर बरं." घर शोधणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. पण टोकन देण्याची घाई नेमकी कोणाला असते आणि का, हे समजलं की एजंट निवडणं सोपं जातं.

एजंट नेमका कोणाचा?

नव्या प्रकल्पात एजंटला बहुतेक वेळा बिल्डर कमिशन देतो. ग्राहकाला सेवा 'फुकट' मिळते, पण ज्या बिल्डरकडून पैसे मिळतात त्याचंच घर दाखवण्याकडे एजंटचा कल असू शकतो. रिसेलमध्ये अनेक एजंट विकणारा आणि घेणारा अशा दोघांकडून ब्रोकरेज घेतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "या व्यवहारात तुम्हाला कोण कोण पैसे देणार?" उत्तर टाळणारा एजंट पुढेही बऱ्याच गोष्टी टाळेल.

नोंदणी कशी तपासायची?

रेरा कायदा २०१६ चा. त्यानुसार महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पातलं घर विकायला मदत करणाऱ्या एजंटकडेही स्वतःची नोंदणी हवी. एजंटचा क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, तर प्रकल्पाचा 'पी'ने. दोन्ही क्रमांक मागून घ्या आणि महारेराच्या अधिकृत वेबसाइटवर स्वतः शोधा. नाव जुळतं का आणि नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हे बघा. व्हिजिटिंग कार्डावर छापलेल्या नंबरावर थांबू नका.

महाराष्ट्रात १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्राशिवाय एजंटची नोंदणी किंवा नूतनीकरण होत नाही. त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. तेव्हा हे प्रमाणपत्रही मागा.

नोंदणीशिवाय काम करणाऱ्या एजंटला दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो. हा दंड घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

रिसेलमध्ये जास्त सावध का राहायचं?

कारण जुन्या इमारतींमधले बरेच व्यवहार रेराच्या बाहेर असतात. तिथे कागद तपासण्याची जबाबदारी तुमचीच. मालकाचं खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी आणि फ्लॅटवर कर्ज आहे का, हे बघा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर 'ई-सर्च'मध्ये इंडेक्स टू शोधता येतो. चांगला एजंट हे कागद मागण्याआधीच पुढे ठेवतो. तरीही ते स्वतःच्या वकिलाला दाखवा. एजंटने सुचवलेला वकील नको.

ब्रोकरेज किती?

रिसेलमध्ये साधारण १ ते २ टक्के मागितले जातात. हा दर बाजारातला आहे, सरकारने ठरवलेला नाही. त्यामुळे घासाघीस करता येते. समजा फ्लॅट ६० लाखांचा आहे आणि ब्रोकरेज २ टक्के. म्हणजे १ लाख २० हजार. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्क्यांप्रमाणे आणखी २१,६०० रुपये. एकूण १ लाख ४१ हजार ६०० रुपये. रक्कम किती, ती कधी द्यायची आणि व्यवहार फिसकटला तर काय, हे आधीच लिहून घ्या. शक्यतो मोठा हिस्सा करारनाम्याची नोंदणी झाल्यावरच द्या.

टोकन देताना

रिसेलमध्ये टोकन एजंटच्या खात्यात किंवा रोख देऊ नका. मालकाच्या खात्यात चेकने किंवा बँकेतून द्या. बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागदात खोट निघाली तर पैसे परत मिळतील, असं पावतीवर लिहून घ्या. नव्या प्रकल्पात विक्री करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्याहून जास्त भरायला सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहा.

फसवणूक झाली तर?

नोंदणीकृत प्रकल्पाबाबत एजंटने खोटी माहिती दिली तर त्याच्याविरुद्ध महारेराकडे तक्रार करता येते. तेव्हा पुरावा लागतो. म्हणून फोनवर झालेलं प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि "बरोबर ना?" असं विचारा. खरं बोलणारा एजंट लगेच "हो" म्हणेल.

आणि "आजच टोकन द्या" म्हणणाऱ्याला सांगा, "कागद आज पाठवा, टोकनचं वकिलाने ते बघितल्यावर बोलू."